मांजराच्या कानशिलावरचे आणि चेहऱ्यावरचे केस विरळ होत असतील तर काय पाहावे, काय करावे

मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालवते, परंतु त्याची जीभ त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तोंड धुताना ते पुढचा पंजा ओला करून कानामागून नाकापर्यंत फिरवते, एवढेच. पोटावरचे किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस गेले असतील तर मांजराने ते चाटून काढले असण्याची शक्यता मोठी असते. चेहऱ्याच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. तिथले केस मागच्या पायाने खाजवल्यामुळे तुटतात, भिंतीला किंवा फर्निचरला तोंड घासल्यामुळे झिजतात, घरातले दुसरे मांजर चाटून किंवा कुरतडून ते काढते, अथवा कातडीच्या किंवा केसाच्याच आजारामुळे ते गळतात. पाचवी शक्यता अशी की केस गेलेलेच नसतात आणि मालकाला ती जागा आजच पहिल्यांदा दिसलेली असते.

पुढे दिलेला क्रम हेच गृहीत धरून मांडला आहे. आधी जागा नक्की करायची, मग खाज आहे की नाही ते ठरवायचे, आणि त्यानंतरच औषधाचा विचार करायचा. बहुतेक घरांमध्ये नेमके उलटे घडते. मीही तेच केले होते. आमच्या काळ्या बोक्याच्या कानशिलावर विरळ पट्टा दिसला तेव्हा आधी खोबरेल तेल चोळले आणि मग त्याला दवाखान्यात नेले. तेलामुळे तिथले केस आणि कोंडा तपासायला अडचण झाली आणि आठवड्याने पुन्हा यावे लागले.

पहिली पायरी: हे नैसर्गिक तर नाही?

मांजराच्या डोळ्याच्या वरच्या कडेपासून कानाच्या बुडापर्यंतच्या भागात, म्हणजे आपण ज्याला कानशील म्हणतो तिथे, केस मुळातच विरळ असतात. हे जवळजवळ सर्व मांजरांत असते. लांब केसांच्या मांजरात ते झाकलेले राहते आणि पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या मांजरात केस व कातडी यांचा रंग जवळचा असल्यामुळे लक्षात येत नाही. काळ्या किंवा गडद करड्या रंगाच्या, आखूड केसांच्या मांजरात मात्र खालची फिकी कातडी उठून दिसते. पिल्लू असताना हा भाग भरलेला वाटतो, साधारण वर्ष-दीड वर्षाच्या वयात तो जाणवू लागतो आणि म्हातारपणी आणखी उघडा पडतो.

ही जागा नैसर्गिक आहे असे म्हणण्यासाठी पुढील सर्व गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. विरळपणा दोन्ही बाजूंना सारखा असावा. कातडी मऊ, गुळगुळीत आणि नेहमीच्या रंगाची असावी. लाली, खपली, कोंडा, पुरळ किंवा वास यांपैकी काहीही नसावे. मांजर ती जागा खाजवत नसावे, आणि केस हळूहळू संपत अजिबात नाहीसे न होता बारीक, तुरळक लव शिल्लक असावी. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल, विशेषतः विरळपणा एकाच बाजूला असेल किंवा पंधरा दिवसांत वाढलेला असेल, तर पुढच्या पायरीकडे वळावे. सर्व काही जुळत असेल तर एक फोटो काढून ठेवावा आणि काहीही लावू नये. नैसर्गिक विरळपणावर उपाय नसतो आणि त्याची गरजही नसते.

दुसरी पायरी: घरची तपासणी

ही तपासणी रात्रीच्या दिव्यात करू नये. दिवसा खिडकीपाशी, मांजर पेंगुळलेले असताना करावी. चिडके मांजर असेल तर त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे. हातात पातळ मोजे घालावेत, कारण संभाव्य कारणांपैकी एक माणसाला लागणारे आहे आणि ते कोणते हे अजून ठरलेले नाही.

सर्वप्रथम विरळ जागेवरून बोट केसांच्या उलट दिशेने हलकेच फिरवावे. दाढीच्या खुंटांसारखे खरखरीत लागले तर केस मध्येच तुटलेले आहेत, म्हणजे खाजवणे, घासणे किंवा बुरशी यांकडे संशय जातो. जागा गुळगुळीत लागली तर केस मुळापासून गळत असावेत. ही चाचणी पूर्ण भरवशाची नाही, पण दवाखान्यात सांगण्यासारखी नक्की आहे.

नंतर संपूर्ण डोके क्रमाने पाहावे. कानाच्या कडा आणि कानाचा आतला भाग, पापण्या, नाकाचा दांडा, ओठ, हनुवटी आणि मान या प्रत्येक ठिकाणी केस बाजूला करून कातडी पाहायची. ओठ हळूच उचलून हिरड्या लाल आहेत का आणि तोंडाला घाण वास येतो का तेही पाहावे, कारण दाढ दुखणारे मांजर त्याच बाजूचा गाल जमिनीवर आणि कोपऱ्यांवर घासते. असे मांजर बहुधा एकाच बाजूने चावते, तोंडातला घास खाली पाडते किंवा लाळ गाळते. डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर त्याखालचे केसही ओलसर राहून झडतात.

यानंतर बारीक दातांच्या फणीने मान आणि शेपटीच्या बुडाजवळचा भाग विंचरावा आणि निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर किंवा टिश्यू पेपरवर टाकावा. काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, कारण तिच्यात मांजराचे पचलेले रक्त असते. साधी धूळ काळीच राहते.

शेवटी खाजेचा प्रश्न येतो. मांजर तुमच्यासमोर खाजवत नाही म्हणून खाज नाही असे समजू नये. मागच्या पायांच्या नखांत केसांचे पुंजके अडकलेले आहेत का ते पाहावे, आणि शक्य असल्यास रात्री एक-दोन तास मोबाईलवर चित्रण करावे. घरात दोन मांजरे असतील तर हे चित्रण विशेष उपयोगी पडते. एकमेकांवर माया असलेल्या जोडीत एक मांजर दुसऱ्याचे कानशील आणि भुवईचा भाग तासन्तास चाटत बसते, कधी मिशाही कुरतडते. अशा वेळी दोघांना दोन आठवडे वेगळे ठेवले आणि त्या जागी खुंट उगवू लागले, तर कारण सापडले असे समजायला हरकत नाही.

दर आठवड्याला त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून, शेजारी एक नाणे ठेवून फोटो काढावा. विरळपणा वाढतो आहे की स्थिर आहे हे आठवणीवर सोडले तर प्रत्येकाला तो वाढलेलाच वाटतो.

तिसरी पायरी: जागेवरून कारणाकडे

चेहऱ्यावर एक किंवा अनेक गोलसर चट्टे, त्यांवर राखेसारखा कोंडा आणि कडेला तुटलेले केस दिसले, तर सर्वात आधी गजकर्णाचा, म्हणजे बुरशीच्या नायट्याचा, विचार करावा. मांजरांमध्ये तो बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो. कान, नाक आणि पुढचे पंजे या तिच्या आवडत्या जागा आहेत. पिल्ले, रस्त्यावरून नुकतेच घरी आणलेले मांजर आणि पर्शियन जातीची मांजरे यांच्यात तो अधिक आढळतो. संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात, त्यामुळे आणताना स्वच्छ दिसलेले पिल्लू महिन्याभरात चट्टे दाखवू लागते आणि मालक उगाचच घरातल्या अन्नाला दोष देतो. गजकर्णात खाज फार नसते, कधी अजिबात नसते. म्हणून खाजत नसलेला एका बाजूचा चट्टा निरुपद्रवी समजू नये. घरातल्या कोणाच्या हातावर, मानेवर किंवा पोटावर लाल कडांचे खाजरे वर्तुळ उठले असेल तर संशय पक्का होत जातो. नायटा आणि गजकर्ण हे शब्द आपल्याकडे माणसांच्या बाबतीत इतके सर्रास वापरले जातात की मांजराकडून तो लागू शकतो हे अनेकांना त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावरच कळते.

याच्या अगदी उलट चित्र मांजराच्या खरजेचे असते. नोटोएड्रेस कॅटी नावाचा सूक्ष्म किडा कातडीत बिळे करतो. सुरुवात कानाच्या कडेपासून होते आणि तिथून तो कपाळ, पापण्या आणि मानेकडे झपाट्याने पसरतो. कातडी जाड आणि सुरकुतलेली होते, तिच्यावर करड्या-पिवळट खपल्यांचा थर बसतो आणि तरुण मांजराचा चेहरा म्हातारा दिसू लागतो. खाज अतोनात असते, इतकी की मांजर खाजवून रक्त काढते. वस्तीतल्या आणि बाजारातल्या मोकळ्या मांजरांमध्ये हे दृश्य आपल्याला नवे नाही. हा किडा एका मांजरावरून दुसऱ्यावर सहज जातो. माणसालाही काही दिवस खाजरे ठिपके उठू शकतात, परंतु माणसाच्या कातडीत तो टिकून राहत नाही.

कातडी ठीक, पण कानामागे आणि कानासमोर ओरखडे आणि तुटके केस असतील, तर कानात पाहावे. कॉफीच्या भुकटीसारखा काळपट कोरडा मळ दिसला तर कानातले किडे असण्याची शक्यता मोठी असते. कापसाच्या काडीने आत कोरू नये आणि कोमट तेलही ओतू नये, कारण पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

पिसवांची ॲलर्जी मुख्यतः पाठीच्या मागच्या भागावर दिसते, परंतु मान आणि डोके यांवरही बाजरीच्या दाण्यांएवढे खपलीदार पुरळ उठू शकते. ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. एकही पिसू दिसली नाही म्हणून हे कारण बाद करता येत नाही, कारण ॲलर्जी असलेले मांजर इतके कसून अंग साफ करते की पुरावाच गिळून टाकते.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत नाकाचा दांडा आणि कानाचा बाहेरचा भाग यांवर गाठी, खपल्या आणि विरळपणा दिसला तर डासांच्या चाव्याची ॲलर्जी लक्षात घ्यावी. कोकणात आणि किनारपट्टीच्या शहरांत, गच्चीवर किंवा बाल्कनीत झोपणाऱ्या मांजरांच्या बाबतीत हे कारण फार कमी वेळा सुचते. मांजराला आठवडाभर जाळी लावलेल्या खोलीत ठेवले आणि जागा सुधारू लागली, तर तीच एक चाचणी ठरते. माणसाने अंगाला लावायची डास पळवणारी मलमे मांजराला लावू नयेत.

अन्नाच्या ॲलर्जीत चेहरा, कान आणि मान यांवर बारमाही खाज येते. तिच्यासाठी रक्ताची भरवशाची चाचणी नाही. मांजराने पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचे किंवा प्रथिनाचे बारीक तुकडे केलेले विशेष खाद्य किमान आठ आठवडे, त्यात दुसरे काहीही न मिसळता द्यावे लागते आणि सुधारणा झाल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहावे लागते. आपल्याकडे ही चाचणी बहुतेक वेळा शेजारणीने प्रेमाने घातलेल्या बोंबलाच्या तुकड्यावर फसते. घरी शिजवलेले एकाच प्रकारचे मांस दीर्घकाळ देऊ नये. मांजराला टॉरीन (एक अमिनो आम्ल) आणि इतर घटक बाहेरून लागतात, त्यामुळे असा आहार पशुवैद्याकडून आखून घ्यावा.

हनुवटीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके आणि विरळ केस दिसले तर ते मुरुम असतात. प्लास्टिकचे भांडे बदलून स्टीलचे किंवा चिनी मातीचे द्यावे आणि ते रोज घासावे. अनेकदा तेवढ्यावर भागते.

पांढऱ्या मांजराच्या कानाची टोके, नाक आणि पापण्या यांकडे वेगळ्या गांभीर्याने पाहावे. उन्हाने आधी केस विरळ होतात आणि कातडी लाल पडते. पुढे एखादी खपली पडते, निघते आणि पुन्हा धरते. महिना उलटूनही न भरणारी अशी जखम कर्करोगाची असू शकते आणि तिचा तुकडा तपासून घेण्यात दिरंगाई करू नये. नाकाचा दांडा, कान आणि तळपायांच्या गाद्या या सर्वांवर एकाच वेळी जाड खपल्या आल्या तर प्रतिकारशक्तीच स्वतःच्या कातडीवर उलटलेली असू शकते. तेही तुकडा तपासल्याशिवाय ठरत नाही. थायरॉइडसारखे ग्रंथींचे आजार वयस्क मांजराचा सगळाच अंगरखा बिघडवतात, केवळ चेहऱ्यापुरते ते क्वचितच राहतात.

चौथी पायरी: दवाखान्यात काय मागावे

तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशींचे काम जास्त असते आणि मांजराच्या चेहऱ्यावरच्या चट्ट्याकडे पाहून लगेच इंजेक्शन दिले जाण्याची शक्यता असते. वाद घालू नये, पण आधी केस आणि कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल का, असे नम्रपणे विचारावे. तिथे सोय नसेल तर महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथे आहेत. तिथल्या दवाखान्यांचा विचार करता येतो.

उपटलेल्या केसाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेले दिसले तर मांजर खाजवते किंवा घासते आहे. टोक निमुळते आणि शाबूत असेल तर केस आपोआप गळत आहेत. कातडी खरवडून घेतलेल्या नमुन्यात खरजेचे किडे बहुधा सहज सापडतात. गजकर्णासाठी वूडचा दिवा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, वापरतात. बुरशी लागलेला केसाचा दांडा त्या जांभळट प्रकाशात सफरचंदासारखा हिरवा चमकतो. मात्र न चमकणे म्हणजे बुरशी नसणे असे नव्हे, आणि मलम, कोंडा, कापडाचे धागे हेही चमकून फसवतात. म्हणूनच दवाखान्यात जाण्याआधी काही दिवस त्या जागेवर काहीही लावू नये. सर्वात उपयोगी चाचणी बुरशी वाढवून पाहण्याची असते. नवा कोरा टूथब्रश मांजराच्या अंगावरून फिरवून नमुना घेतात आणि निकालाला दोन ते तीन आठवडे लागतात.

मांजर खात नसेल, डोळ्याजवळ जखम असेल, चेहरा सुजला असेल किंवा पिल्लू मलूल पडले असेल तर फोटो काढत बसण्याऐवजी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्या मांजराची लस आणि मागचा इतिहास माहीत नाही अशा मांजराने ओरबाडले किंवा चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांना भेटावे.

काय लावू नये

मांजराच्या यकृताला काही रसायने बाहेर टाकता येत नाहीत आणि चेहऱ्यावर लावलेले औषध पंज्यामार्फत अखेर पोटातच जाते. कापूर, टी-ट्री तेल, फिनाईल, रॉकेल, डांबरगोळ्या आणि सॅलिसिलिक ॲसिडयुक्त नायट्याची जुनी मलमे मांजरापासून दूर ठेवावीत. खाज किंवा वेदना कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या पिसवांसाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंबही तितकेच घातक आहेत. घरात कुत्रा असेल आणि त्याला ते लावले असतील तर मांजराला त्याला बिलगून झोपू देऊ नये.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारी बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे हा आपल्याकडचा खास धोका आहे. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, मालक खूश होतो आणि बुरशी आत शांतपणे पसरत राहते. माणसांमधला गजकर्ण या मलमांमुळे किती चिवट झाला आहे हे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मांजराच्या बाबतीत तीच चूक करण्याचे काही कारण नाही.

पाचवी पायरी: निदान झाल्यावर

खरूज आणि कानातले किडे यांवर मानेवर टाकायचे सेलामेक्टिनसारखे औषध मिळते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मांजर तोलूनच ते घ्यावे आणि घरातल्या सर्व मांजरांना एकाच वेळी द्यावे. पिसवांच्या बाबतीत दोन-तीन महिने न चुकता औषध सुरू ठेवावे लागते, कारण फटींमधले कोष टप्प्याटप्प्याने फुटत राहतात.

गजकर्णाला जास्त चिकाटी लागते. निरोगी प्रौढ मांजरात तो काही महिन्यांत आपोआपही बरा होऊ शकतो, परंतु तोपर्यंत घरभर बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या बीजासारखे सूक्ष्म कण, पसरतात. म्हणून पशुवैद्य सहसा पोटातून इट्राकोनॅझोल देतात, बहुधा एक आठवडा औषध आणि एक आठवडा सुट्टी अशा पद्धतीने, आणि सोबत अंगाला औषधी शॅम्पू सांगतात. चेहऱ्यावर शॅम्पू ओतू नये. औषधात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने, डोळे आणि तोंड वाचवून, तो भाग पुसून घ्यावा.

मांजराला सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवावे. गालिचा, गोधडी आणि गाद्या तिथून काढाव्यात. मात्र पिल्लाला महिनोन्‌महिने एकटे डांबू नये, कारण माणसाळण्याचे तेच वय असते. मोजे आणि जुना सदरा घालून रोज त्याच्याशी खेळावे, नंतर हात धुवावेत. घरात लहान मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर हे काम त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी करावे. खोलीतले केस रोज काढावेत. झाडूने ते उडतात, त्यापेक्षा ओले फडके किंवा व्हॅक्यूम बरा. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुऊन मग ब्लीचच्या सौम्य पाण्याने पुसावी, कोरडी होईपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे आणि ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. कपडे आणि अंथरुणे यंत्रात खच्चून न भरता दोनदा धुतली तरी पुरते. बीजाणू वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकतात, त्यामुळे जुनी फणी आणि मांजर नेण्याची टोपली या दोन वस्तू विसरू नयेत.

तीन-चार आठवड्यांत चट्ट्यांवर लव दिसू लागते आणि औषध बंद करण्याचा मोह होतो. केस परत येणे आणि बुरशी जाणे या दोन गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत. टूथब्रशची चाचणी पुन्हा करून घ्यावी आणि तिचा निकाल स्वच्छ आल्यावर, पशुवैद्याने सांगितल्यानंतरच औषध थांबवावे. त्या चाचणीसाठी प्रत्येक वेळी नवा ब्रश पाकिटातून मांजराजवळच उघडावा, आणि घरात दोन मांजरे असतील तर दोघांसाठी दोन ब्रश न्यावेत.